तुटलेल्या जागेचं व्होल्टेज

अनघा, 'मी गेल्यावर माणसं येतील, त्यांना निदान चहा तरी विचार,' असं तू मला बजावून ठेवलं होतंस. माणसं आली. गॅरेजचं दार दिवसभर वर होतं, त्यातूनच आत येत होती, बुटांचा ढीग वॉशिंग मशीनपर्यंत पोचला होता. चहा मी कुणालाच विचारला नाही, उलट त्यांनीच करून मला पाजला. साखर कुठं असते हे आपल्या घरात माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. आपली लेक, मुक्ता, होती तोवर हे असं चाललं. मग तिची रजा संपली, ती कॅलिफोर्नियात क्युपर्टिनोला परत गेली, मी तिला विमानतळावर सोडून आलो आणि गॅरेजचं दार खाली घेतलं. त्यानंतर कोणी आलं नाही.

तुझ्याबद्दल जे चांगलं बोलायचं ते शोकसभेत बोलून झालंय. इथल्या महाराष्ट्र मंडळाच्या लोकांनी तुझा फोटो मोठा करून आणला होता. तू कंपनीत पॉवर सप्लाय डिझाइन करायचीस याचं दोघातिघांनी कौतुक केलं, आणि त्यातल्या एकानं पॉवर सप्लाय म्हणजे बॅटरी असं समजून केलं. तू असतीस तर मधेच उठून त्याला दुरुस्त केलं असतंस. मी गप्प बसलो. मला तुझ्याशी बोलायचंय ते त्यानंतरचं आहे.

सुरुवातीला मी वाट बघायचो, हे कबूल करायला आता हरकत नाही. दुपारी ब्रेड, दही आणि तू घातलेलं लिंबाचं लोणचं एवढं जेवलो की फॅमिली रूममध्ये जाऊन बसायचं. तुझा पलंग होता तिथं आता माझी खुर्ची आहे. घर तापवणारी फरनेस सुरू व्हायची, बंद व्हायची. बर्फ पडायचा, थांबायचा. शेजारचा म्हातारा त्याचं बर्फ काढायचं यंत्र घेऊन आपलाही ड्राइव्ह-वे साफ करून द्यायचा आणि लांबूनच हात करायचा. दिवसभरात माणसाशी आलेला संबंध म्हणजे तो वर केलेला हात. टीव्ही लावला तर आवाज नको वाटायचा आणि बंद केला तर घर इतकं गप्प व्हायचं की मी उठून उगाच नळ सोडायचो. आपण दोघं असतानाही तासन्‌तास बोलायचो नाही, पण ते न बोलणं वेगळं होतं.

मोबाइल मी बंद करून तुझ्या कपाटात टाकला होता. भारतातून वेळीअवेळी फोन यायचे, आणि ज्यांना तुझं नावही नीट लिहिता येत नाही त्यांच्याकडून फुलाफुलांचे श्रद्धांजलीचे फोटो यायचे. मुक्ताला सांगितलं होतं, घरच्या फोनवर करत जा. ती रोज संध्याकाळी करायची. "बाबा, डिड यू ईट?" मी हो म्हणायचो. "आज कोण आलं होतं?" मी म्हणायचो, कोणी नाही.

हे 'कोणी नाही' म्हणताना मला काय वाटायचं ते तुला सांगायला हवं. दुःख व्हायला हवं होतं, पण मला राग यायचा. ज्या लोकांना तू वर्षानुवर्षं पुरणपोळ्या खाऊ घातल्यास, ज्यांच्या पोरांचे सायन्स प्रोजेक्ट तळघरात बसून करून दिलेस, ज्यांचे मिक्सर, रेडिओ, पूजेतल्या दिव्यांच्या माळा दुरुस्त केल्यास, ते सगळे तेरावा होताच मोकळे झाले. तुझी मैत्रीण सुलभासुद्धा. ती तर दोन गल्ल्या पलीकडे राहते. मी मनातल्या मनात एकेकाला बोलावून खडसवायचो, आणि मग खडसवायलाही कोणी समोर नाही म्हणून आणखी चिडायचो.

एके दिवशी मुक्ताचा आवाज वेगळा लागला. "बाबा, सुलभामावशीचा कॉल आला होता. ती म्हणाली तू दार उघडत नाहीस. व्हॉट्स गोइंग ऑन?"

"कोणी आलंच नाही, तर उघडू कुणाला?"

"ती म्हणाली, ती आणि काका येऊन गेले. मोअर दॅन वन्स."

"आले असते तर बेल वाजली नसती का? मी दिवसभर इथंच तर असतो."

"सो शी इज लाइंग?"

"तसं नाही गं. लोक बोलतात आपलं तोंडदेखलं."

ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "बाबा, यू आर शटिंग एव्हरीवन आउट. आय कान्ट डू धिस फ्रॉम हिअर. मी पुढच्या वीकेंडला येते आणि तुला इकडे घेऊन येते. घराचं नंतर बघू."

घराचं नंतर बघू म्हणजे काय ते मला कळलं. तुला सांगतो, मी घाबरलो. मुक्ताकडे राहायला मला वाईट वाटेल असं नाही, पोर जीव टाकते माझ्यावर. पण तिथं माझी ओळख तिचा बाप एवढीच असणार. तुला ओळखणारं तिथं कोण आहे? इथं निदान रस्त्यात कोणी भेटलं तर तुझं नाव निघेल, या आशेवर मी या थंडीत बसून होतो. आणि ज्यांनी ते नाव काढायचं तेच येईनासे झाले होते.

आपलं सगळ्यात जुनं भांडण व्होल्टेजवरचं. मी इन्शुरन्स कंपनीत प्रोग्रॅम लिहिणारा माणूस. माझ्या जगात प्रत्येक गोष्टीला एक आकडा असतो आणि तो एका जागी ठेवलेला असतो. विभवांतर हा शब्द मी शाळेत मार्कांपुरता पाठ केला आणि परीक्षेच्या हॉलमध्येच सोडून आलो. लग्न ठरल्यावर नागपूरला आपण पहिल्यांदा बाहेर भेटलो तेव्हा तू विचारलंस, इंजिनिअर आहेस ना, मग व्होल्टेज म्हणजे काय ते सांग. मी म्हटलं, तारेत जे असतं ते. तू इतकी हसलीस की रसवंतीवाला वळून बघायला लागला.

"एका जागेला व्होल्टेज नसतंच," तू म्हणालीस. "दोन जागा सांग, मग त्यांच्यामधलं किती ते सांगता येतं."

"मग सेलवर दीड व्होल्ट लिहिलेलं असतं ते काय?"

"ते या टोकाचं त्या टोकाच्या मानानं. एकच टोक धरून बसलास तर काहीच नाही."

मी म्हटलं, हे सगळे शब्दांचे खेळ. पुढं सगळा संसार मी हेच म्हणत राहिलो, निम्मं तुला चिडवायला आणि निम्मं खरंच डोक्यात शिरलं नाही म्हणून. तू मात्र कधी नाद सोडला नाहीस. भाजी चिरताना सुरी थांबवून समजावायचीस. मला कळलं नाही तर तुला माझा राग यायचा नाही, स्वतःचाच यायचा, की आपलं सांगणं कुठंतरी कमी पडतंय.

आणि ते शेक घ्यायच्या पॅडचं प्रकरण. आईची कंबर धरली होती म्हणून मी इथून मोठ्या हौसेनं विजेवरचं पॅड नेलं. तू कंपनीच्या कामात होतीस, तुला न विचारताच बॅगेत टाकलं. नागपूरला पोचल्यावर पिन बसेना, तर कोपऱ्यावरच्या दुकानातून पिन बदलायचा अडॅप्टर आणला. पिन बसली, म्हणजे झालं. आई कौतुकानं म्हणाली, "अमेरिकेचं आहे, किती पटकन तापतं." मग वास आला. तू स्वयंपाकघरातून धावत आलीस, भिंतीवरचं बटण बंद केलंस, आईला उठवलंस, आणि मग तिच्यासमोर, वहिनीसमोर, सगळ्यांसमोर माझी शिकवणी घेतलीस. तिकडं एकशे वीस, इकडं दोनशे तीस. पॅडचा रेझिस्टन्स तोच. मग व्होल्टेज दुप्पट झालं की करंटही दुप्पट, आणि उष्णता दोन्हींच्या गुणाकारानं, म्हणजे चौपट. "पिन बदलली म्हणून व्होल्टेज बदलत नाही, मोहन." आई चादरीवरचा डाग न्याहाळत म्हणाली, "म्हणजे आपल्या घरात इंजिनिअर ही आहे होय." त्या दिवशी आईनं तुला पुरतं आपलं मानलं, म्हणून मी त्या पॅडला कधी नावं ठेवत नाही.

पण एक धडा मला कळला होता, अनघा. तो दिवाळीच्या माळेचा. नाताळ झाल्यावर दुकानात उरलेल्या माळा तू आणायचीस आणि पुढच्या दिवाळीत आपल्या घरावर लावायचीस. शेजाऱ्यांना वाटायचं, यांना नाताळची फार घाई असते. त्या वर्षी एक माळ अजिबात लागेना. सगळे बल्ब एकामागोमाग जोडलेले, त्यातला एक गेला की सगळी माळ अंधारात. मी म्हटलं, टाकून देऊ. तू मला खाली बसवलंस, हात लावू नकोस म्हणून दम दिलास, आणि माळ चालू ठेवून एकेका बल्बच्या दोन टोकांवर मीटरचे प्रोब टेकवत निघालीस. शून्य. शून्य. शून्य.

"सगळेच गेले की," मी म्हटलं.

"उलट. हे सगळे चांगले आहेत." मग तू थांबून सांगितलंस, अगदी सावकाश, मुक्ताला लहानपणी सांगायचीस तसं. बल्बवर किती व्होल्टेज पडतं, तर त्यातून जाणारा करंट गुणिले त्याचा रेझिस्टन्स. माळ कुठंतरी तुटली आहे, म्हणून करंट शून्य. शून्याला कशानंही गुण, शून्यच. म्हणजे चांगल्या बल्बवर काही पडतच नाही. पण भिंतीतून एकशे वीस तर येतायत. पूर्ण फेरीची बेरीज जमायलाच हवी. मग ते एकशे वीस गेले कुठं?

तू पुढं सरकत गेलीस आणि एका बल्बवर आकडा उसळला. एकशे वीस. सगळंच्या सगळं.

"जिथं तुटलंय तिथं," तू म्हणालीस. "दुसरीकडे कुठंच नाही. तुटलेल्या जागेवर."

तू तो बल्ब बदललास आणि माळ लागली. मला व्होल्टेजबद्दल पहिल्यांदा काहीतरी कळलं, आणि मी ते तुला सांगितलं नाही, कारण मग चिडवणार कशावरून.

दुसरं भांडण माणसांवरचं. ते जास्त जुनं नाही. मंडळाचा कार्यक्रम असला की तू आधी जायचीस आणि मी काहीतरी कारण काढून उशिरा यायचो, नाहीतर यायचोच नाही. तुझं आजारपण वाढलं तेव्हा एकदा तू पलंगावरून म्हणालीस, "तुला माणसं नको असतात असं मुळीच नाही. फक्त त्यांनी आपण होऊन यायला हवं असतं. फोन तू कधी करत नाहीस." मी म्हटलं, "तू आहेस ना करायला." तू खिडकीकडे बघत राहिलीस. मला वाटलं, औषधाची गुंगी आहे. त्यावर तू काय बोलणार होतीस, का काही बोलणारच नव्हतीस, हे मला आता कोण सांगणार?

तर मुक्ताच्या त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळीच तिचा पुन्हा फोन. तिनं माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्या मागवल्या होत्या, आणि त्या काल संध्याकाळी दारात ठेवल्या असा तिला मेसेज आला होता. "फ्रंट डोअरला बघ, बाबा." पुढचं दार म्हणजे आपण कधी न वापरलेलं दार. आपण गॅरेजमधून येणार, गॅरेजमधूनच जाणार. त्यातून आपलं गॅरेज पुढं आलेलं आणि दार मागं कोनाड्यात, ड्राइव्ह-वेवरून दिसतसुद्धा नाही. मी आतलं दार उघडलं, बाहेरचं काचेचं ढकललं, तर ते अडलं. खाली काहीतरी होतं.

बर्फाखाली पिशव्या होत्या, अनघा. एकावर एक. वरती गोळ्यांचं पाकीट, त्याखाली एक कापडी पिशवी, त्याखाली आणखी दोन. दह्याच्या रिकाम्या डब्यांमध्ये लोकांनी आमटी, भाजी, खिचडी भरून आणली होती आणि ती दगडासारखी गोठली होती. एका पिशवीत फॉइलमध्ये पोळ्या होत्या, त्या तशाच्या तशा ताठ. सुलभाताईंचं अक्षर मी ओळखलं. डब्यावर चिकटपट्टी लावून लिहिलं होतं, 'गरम करून खा, तिखट कमी आहे.' मी तिथंच दारात खाली बसलो. थंडी इतकी होती की डोळ्यांतलं पाणी झोंबत होतं, आणि मी ते डबे एकेक करून आत घेत होतो.

मग तुझ्या कपाटातून मोबाइल काढला आणि चालू केला. तो किती तरी वेळ थरथरत राहिला. 'मोहनराव, बेल वाजवली, तुम्ही झोपला असाल.' 'डबा पायरीवर ठेवलाय.' 'उठवलं नाही, विश्रांती घ्या.' 'तुम्हाला आत्ता कोणी नको असेल तर समजू शकतो, पण आम्ही आहोत.' आणि सगळ्यात अलीकडचा, सुलभाताईंचा, 'आज मी खूप वेळ उभी होते. आत दिवा दिसत होता. आता यापुढे त्रास देत नाही.'

मी दारात गेलो आणि बेलचं बटण दाबलं. आत काही वाजलं नाही.

आता तू हसशील. मी तळघरात गेलो, तुझ्या टेबलावरचा पिवळा मीटर उचलला आणि विजेच्या पॅनेलपाशी गेलो. बेलचा छोटा ट्रान्सफॉर्मर तिथं आहे हे मला माहीत होतं, कारण तू तो एकदा बदलत असताना मी टॉर्च धरला होता. त्याच्या दोन स्क्रूंवर प्रोब टेकवले. शून्य. म्हटलं, सापडलं, ट्रान्सफॉर्मर गेला. चांगला जिना चढून वर आलो, आणि मग लक्षात आलं की मीटर डीसीवर आहे, घरातली वीज तर एसी. परत खाली. एसीवर फिरवला. सोळा आणि थोडं. ट्रान्सफॉर्मर ठणठणीत.

वर येऊन बाहेरचं बटण चिकटपट्टीनं दाबून ठेवलं आणि हॉलमधल्या बेलचं झाकण काढलं. तिच्या दोन स्क्रूंवर प्रोब लावले. शून्य. आणि अनघा, मी उठून टाकून देऊ म्हणालो नाही. मी स्टुलावर उभा राहून हिशेब केला. खालून सोळा येतायत. बेलवर शून्य. म्हणजे बेल वाईट आहे असं नाही, करंटच नाही. बेरीज जमायलाच हवी. मग सोळा गेले कुठं?

चिकटपट्टी सोडवून बटणाचे दोन स्क्रू काढायला मला फार वेळ लागला, हात गारठले होते. बटण पुढं ओढलं. एक तार तिच्या स्क्रूखाली नीट घट्ट होती. दुसरी सुटलेली होती. तुटलेली नव्हती, निसटलेलीही नव्हती. तिची छान गुंडाळी करून मागं भोकात बसवली होती आणि टोकाला काळी टेप होती. त्या टेपचं शेवटचं टोक उलटं दुमडलेलं होतं.

टेपचं टोक दुमडून ठेवणारं माणूस मी आयुष्यात एकच बघितलंय. म्हणायचीस, पुढं जो सोडवेल त्याला नखांनी खरवडत बसायला नको.

मी टेप काढली. एक प्रोब या सुट्या तारेला, दुसरा त्या घट्ट तारेच्या स्क्रूला. सोळा. सगळेच्या सगळे तिथं, त्या बोटभर फटीत, हा सगळा हिवाळा.

मला आठवलं मग. ऑक्टोबर असेल. झाडं लाल झाली होती. तू शाल पांघरून पुढच्या पायरीवर बसली होतीस, मी तुला शोधत आलो आणि ओरडलो की पडलीस तर काय. तुझ्या हातात काहीतरी होतं ते तू शालीखाली घेतलंस. मी विचारलं, काय करतेस इथं? म्हणालीस, ऊन खातेय. तेव्हा मी रात्ररात्र तुझ्याजवळ जागा असायचो आणि दुपारी कधीतरी सोफ्यावर डोळा लागायचा. नेमकी तेव्हा बेल वाजायची. कुरिअर, मंडळाचं कोणी, कधी धर्मप्रचार करणारे. मी छातीत धडधड होऊन उठायचो आणि आधी तुझ्याकडे बघायचो. तू म्हणायचीस, मी आहे अजून, झोप तू. त्यानंतर बेल कधी वाजली नाही, आणि मला ते जाणवलंच नाही. लोक आधी तुला फोन करायचे आणि तू त्यांना सांगायचीस, गॅरेजमधून या, मोहन झोपलाय.

सांगायचं होतंस. मी खरंच चिडलो तुझ्यावर, त्या पायरीवर उभा राहून मोठ्यानं बोललो तुला. सांगायचं होतंस, अनघा. तू सांगितलं असतंस तर मी लगेच परत जोडली असती, म्हणून सांगितलं नाहीस, हेही मला कळतंय. तुला वाटलं असेल, मग सावकाश सांगू. ते 'मग' आलं नाही. त्या दिवसांत तुला चमचा धरवत नव्हता. तो स्क्रू तू कसा फिरवलास, किती वेळ लागला, मधे किती वेळा थांबलीस, हे मला माहीत नाही. मला झोप लागावी म्हणून तू ते केलंस, आणि मी आत झोपलो होतो. इतकं माझ्यासाठी कोणी केलंय हे मला इतक्या उशिरा कळावं, आणि आभार मानायला तू नसावीस, याचं मी काय करू?

थोडा वेळ मी ती तार नुसती हातात धरून होतो. सोळा व्होल्टनं काही होत नाही, हे तूच सांगितलेलं. जोडू नये असंही मनात आलं. शेवटचं तुझ्या हातचं काम ते. पण तू तार कापली नव्हतीस. तिला गुंडाळून, झाकून, टोक दुमडून ठेवलं होतंस. ज्याला परत जोडायचं नसतं तो इतकं करत नाही. मी तार स्क्रूखाली घातली आणि घट्ट केली.

मग फोन केला. माझा मीच, कोणाचा यायच्या आधी.

"सुलभाताई, मोहन बोलतोय."

"बरे आहात ना?"

"बेल बंद होती. मला माहीतच नव्हतं. तुम्ही येत होतात ते मला आत्ता कळलं." त्या पलीकडे रडत होत्या. मग मी म्हटलं, "तुम्ही आणि दिलीपराव येता का? आत्ता? चहा करतो मी."

"साखर सापडेल का तुम्हाला?" त्या म्हणाल्या.

साखर सापडली. तुझं आलं होतं सुकलेलं, ते किसलं. मुक्ताला फोन करून सांगितलं की वीकेंडला ये, पण मला न्यायला नको, नुसती ये. ती म्हणाली, "ओके, बाबा. ओके." तिला मी बेलचं सगळं सांगणार होतो, पण चहाला उकळी आली. मी दाराकडे पाठ करून गॅसजवळ उभा होतो, दूध ओतत होतो, तेवढ्यात बेल वाजली. किती महिन्यांनी. स्वच्छ, मोठ्यानं, दोन्ही सूर.

आणि मी वळूनही न बघता, दुधावरची नजर न काढता, नेहमीसारखं ओरडलो, "अनघा, बघ गं कोण आलंय."

बेल पुन्हा वाजली. मी गॅस बारीक केला आणि दार उघडायला गेलो.